फळीवर एक किंमत, बिलात दुसरी

महोदय,

मोठ्या दुकानांत फळीवरच्या पट्टीवर ९९ रुपये आणि बिलात ११९, हा प्रकार आता नित्याचा झाला आहे. काउंटरवर विचारले तर ‘सिस्टीममध्ये हाच रेट आहे’ एवढेच उत्तर मिळते. कायद्यापुढे ते टिकत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(६) नुसार मालावर छापलेल्या किंवा दोघांत ठरलेल्या किमतीहून जास्त पैसे घेणे हेच तक्रारीला पुरेसे कारण आहे. किमतीबाबत दिशाभूल करणे ही त्याच कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पट्टी बदलायची राहून गेली, तर त्याचा भुर्दंड ग्राहकाने का सोसायचा?

गफलत बहुधा बारकोडपाशी होते. छापील किंमत वाढली तरी बारकोड सहसा तोच राहतो. जुना माल संपण्याआधी नवा आला की एकाच बारकोडला संगणकात दोन एमआरपी दिसतात आणि घाईत वरची निवडली जाते. वाढीव एमआरपीवरून हिशेब झाल्याने बिलाखाली ‘तुमची बचत’ही भरघोस दिसते, त्यामुळे शंका येत नाही. म्हणून बिलातला एमआरपीचा रकाना पाकिटाशी तिथेच ताडून पाहावा.

सेलमध्ये ‘फ्लॅट ४० टक्के सूट’ म्हणायचे आणि सूट दिलेल्या रकमेवर वेगळा कर लावायचा, हेही चूकच. एमआरपीत सर्व कर धरलेले असतात. व्हॅटच्या काळातल्या अशाच प्रकरणात राष्ट्रीय ग्राहक आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये ग्राहकाच्या बाजूने निकाल दिला होता. थंड बाटलीवर ‘कूलिंग’चे जादा दोन रुपये घेण्यालाही २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांतील नियम १८ ने मनाई आहे. हॉटेल-रेस्टॉरंटचा मामला तेवढा वेगळा: तिथे सेवाही दिली जात असल्याने सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये त्यांना एमआरपीच्या बंधनातून वगळले. टपरीला किंवा किराणा दुकानाला ही सवलत नाही.

तक्रारी अडतात त्या पुराव्याअभावी. २०० रुपयांखालच्या विक्रीला, ग्राहकाने मागितली नाही तर, पावती न देण्याची मुभा जीएसटी नियमांत आहे आणि नेमकी छोट्या वस्तूंवरच जादा वसुली होते. म्हणून जीएसटी नोंदणी असलेल्या दुकानात पावती मागाच. फळीवरच्या पट्टीचा आणि पाकिटावरच्या एमआरपी व बॅच क्रमांकाचा फोटो काढा. पावती नाकारली तर यूपीआयने पैसे द्या आणि शेऱ्यात वस्तूचे नाव लिहा.

आधी व्यवस्थापकाकडे फरकाची रक्कम मागावी. नाही मिळाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. छापील किमतीपेक्षा जास्त घेतले असेल तर वजनमापे खात्याच्या निरीक्षकाकडेही लेखी अर्ज द्यावा. तो दुकानावर कारवाई करतो, पण तुमचे पैसे परत मिळवून देणे त्याच्या कक्षेत येत नाही. त्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. आपण राहतो त्याच जिल्ह्यात, दोन वर्षांच्या आत, वकिलाशिवायही तिथे दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही.

वजनमापे खात्याने तपासणीत काट्यांबरोबर बिलिंगचे संगणकही घ्यावेत. फळीवरच्या दहा वस्तू उचलून काउंटरवर स्कॅन केल्या, तरी फरक जागेवरच उघडा पडेल.

– एक ग्राहक कार्यकर्ता, सातारा