आप्पांची क्रमांक घातलेली पत्रे

सातारा

चि. सायलीस अनेक आशीर्वाद.

आप्पांच्या दशक्रियेनंतर तू परत निघालीस, तेव्हा स्टँडवर मला विचारलेस, "बाबा, आप्पा लढाईबद्दल तुमच्याशी तरी कधी बोलले का?" एसटी सुटत होती, म्हणून मी नुसती मान हलवली. ते उत्तर अपुरे होते, आणि गेल्या आठवड्यात गावी जाऊन त्यांची काळी ट्रंक उघडल्यापासून ते अधिकच अपुरे वाटू लागले आहे. म्हणून हे पत्र.

ट्रंकेत पलटणीचा लाल-हिरवा तुरा आणि पदकांची डबी निघेल हे ठाऊकच होते. त्याखाली मात्र आजीच्या जुन्या लुगड्याच्या फडक्यात पत्रांचा गठ्ठा निघाला. आप्पा 1963 साली बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीत भरती झाले आणि 1984 साली हवालदार म्हणून पेन्शनीत आले. लग्नानंतरच्या या सगळ्या काळात त्यांनी घरी लिहिलेल्या प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात क्रमांक आहे. फौजेची टपाल मागेपुढे पोहोचते, तेव्हा कोणते पत्र आधीचे आणि कोणते गहाळ झाले हे आजीला कळावे, एवढाच हेतू. आजीचे माहेर अपशिंग्याचे, म्हणजे पहिल्या महायुद्धात ज्या एका गावाचे 46 जवान कामी आले त्या गावचे. टपालाची वाट पाहणे ती तिथूनच शिकून आली होती. न मिळालेल्या पत्राचा क्रमांक ती उत्तरात कळवी, आणि आप्पा त्यातला मजकूर पुन्हा लिहून पाठवत. हे मी पन्नाशी उलटल्यावर वाचतो आहे. लहानपणी माझी समजूत अशी, की वर्षातून दोन महिने येणारा हा माणूस आपल्या घरचा पाहुणाच आहे.

आता 11 डिसेंबरविषयी. त्या दिवशी आपल्याकडे पुरणपोळी का होते, असे तू लहानपणी विचारायचीस आणि आजी "असंच" म्हणायची. 1967 साली त्याच तारखेला पहाटे 4 वाजून 21 मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला. मी चार महिन्यांचा होतो. आपल्या पाटण तालुक्यात घरेच्या घरे बसली. आपली मागची भिंत पडली, आणि आजीने मला पदराखाली घेऊन खळ्यावर थंडीत सकाळ काढली. आप्पा दूर पलटणीत होते. रजा मिळून ते आले ते पाटीत दगड भरायलाच लागले. आजीने नंतर कधी तरी त्यांना सुनावले होते, की घर पडले तेव्हा तुम्ही नव्हता. हे वाक्य त्यांच्या मनात किती रुतले होते, हे मला पत्रांतून समजले. पुढच्या चार वर्षांत असे एकही पत्र नाही ज्यात त्या भिंतीची चौकशी नाही.

बरोबर चार वर्षांनी, 1971 साली, ते पहिल्या मराठा बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, पाकिस्तानविरुद्धच्या युद्धात जमालपूरला (आताच्या बांगलादेशात) होते. ब्रह्मपुत्रा ओलांडून पलटणीने शहराच्या मागची वाट रोखली होती. 9 डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी शरण येण्याविषयी चिठ्ठी पाठवली, तर समोरच्या पाकिस्तानी कमांडरने उत्तरासोबत बंदुकीची गोळी गुंडाळून धाडली. 10 तारखेच्या रात्री तिथल्या फौजेने वेढा फोडून निसटण्याचा प्रयत्न केला आणि तो आपल्या लोकांनी उधळला; 11 डिसेंबरच्या सकाळी जमालपूर शरण आले. यातली गोळीची हकिकत आप्पा पाहुण्यांना रंगवून सांगत. रात्रीविषयी मला फक्त एकदा म्हणाले, "भात कापलेली खाचरं होती रे, अगदी आपल्यासारखी. धसकटं टोचत होती." त्यापुढे त्यांनी विषय वाढवला नाही, आणि मीही विचारले नाही.

त्या लढाईनंतरचे पहिले पत्र क्रमांक 148. त्यात लढाईचा शब्द नाही. भात झोडून झाले का, पोराचा खोकला गेला का, आणि मागच्या भिंतीला ओल धरते का, एवढेच आहे. खाली वेगळ्या शाईत एक ओळ: "11 तारखेस या खेपेला मी होतो, पुरण घालावे." आजीला याचा अर्थ पुढच्या रजेत कळला असावा. पुरण मात्र तिने पत्र मिळाल्या दिवशीच घातले होते, असे थोरल्या आत्याने मला सांगितले.

पेन्शनीत आल्यानंतरच्या वर्षांविषयी तुला मी काय सांगणार? 2001 साली आजीला अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात गेला. आम्हा दोघांच्या बदल्यांमुळे तू चौथीपर्यंत गावीच होतीस. तुझ्या दोन वेण्या कुणी घालायच्या, हा प्रश्न पडला तेव्हा आप्पांनी सुंभाचे तीन पदर खुंटीला अडकवून दोन रात्री सराव केला. वेणी अशी आवळत, की तुझ्या भुवया वर चढत आणि तू रडत शाळेत जायचीस. तुझी आई त्यांना हळूच सांगायची; ते "सैल वेणी सुटते" म्हणायचे. आठ वर्षे त्यांनी आजीला भरवले आणि औषधाच्या वेळा वहीत लिहिल्या. त्या वहीतही रोजची ओळ क्रमांक घालूनच.

एक गोष्ट मला फार लागली. कागदोपत्री आजीचे नाव चुकलेले होते, आणि आपल्या मागे तिचे पेन्शन अडू नये म्हणून ते दुरुस्त करायला आप्पांनी एका कचेरीत कित्येक हेलपाटे घातले. दुरुस्तीचा कागद हाती आला, तेव्हा आजीला जाऊन दोन महिने झाले होते. तो कागदही गठ्ठ्यात शेवटी, त्यांच्या हाताने क्रमांक घालून ठेवलेला आहे. पत्रांत न बसणारा तो एकच कागद.

पत्रांचे फोटो काढून तुला पाठवतो; मूळ पत्रे ट्रंकेतच राहू देत. मागच्या भिंतीला या पावसाळ्यात पुन्हा ओल आली आहे, तेव्हा मे महिन्यात गवंडी लावायचा विचार आहे. डिसेंबरची रजा आत्ताच मांडून ठेव. पुरण वाटायला तुझ्या आईला एकटीला जमणार नाही.

तुझा,
बाबा