कूलरचा सीझन आणि चुकणारा ठोका

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की तुमच्या पेपरात उष्माघाताची चौकट येते. दुपट्टा बांधा, पाणी प्या, बारा ते चार बाहेर निघू नका. चांगलंच आहे. पण बारा ते चार बाहेर निघण्यावरच ज्याचं पोट आहे त्याच्या छातीत रात्री काय होते हे कोणी लिहिलेलं मला दिसलं नाही, म्हणून मीच लिहून राहिलो.

मी कूलर दुरुस्तीचं काम करतो. एप्रिल-मे म्हणजे आमची दिवाळी, सकाळी सातपासून फोन सुरू, कोणाचा पंप जाम, कोणाची मोटर जळाली, कोणाला खस बदलून पाहिजे, आणि कूलर नेमका गच्चीवर नाहीतर टिनावर, नागपूरचा पारा ४४-४५ ला. घरी यायला अकरा, जेवून मोबाईल पाहत झोपायला एक, आणि परत पाचला उठायचं कारण नळ तेव्हाच येतो. दिवसभरात आठ-दहा कट चहा, आणि खोटं कशाला बोलू, तीन-चार खर्रे, म्हणजे आमच्याकडचा तंबाखू-सुपारीचा घोटा.

गेल्या सीझनला एका रात्री डाव्या कुशीवर पडलो होतो, तर छातीत एक ठोका गायबच झाला, आणि त्याच्यानंतर असा दणका बसला की गादी हलली असं वाटलं. मग परत. बायकोने मनगट धरून मोबाईलवर एक मिनिट लावलं, ठोके बहात्तर, पण मधात तीन जागा रिकाम्या. ती म्हणे "गॅस असन, ओवा खा." सकाळी टपरीवरचा मित्र म्हणे "अटॅक येऊन राहिला भाऊ तुले." आपल्याकडे या दोनच्या मधात तिसरं काही नसतेच.

एका दवाखान्यात गेलो. ईसीजी काढला, नॉर्मल. तीन मिनिटात "टेन्शन घेऊ नका" म्हणून बाहेर. झोप किती, चहा किती, खर्रा खाता का, काही विचारलं नाही, आणि मी पण सांगितलं नाही, म्हणजे अर्धी चूक माझीच. रात्री परत तेच. मला वाटलं आपल्याला भासच होऊन राहिला.

दुसऱ्या डॉक्टरांनी मात्र नीट समजावलं. म्हणे, ईसीजीच्या कागदावर साधारण दहा सेकंदच येतात, त्या दहा सेकंदात गडबड झाली नाही तर कागद नॉर्मलच दिसणार. त्यांनी छातीला वायरी चिकटवून २४ तासाचं होल्टर लावलं, म्हणजे दिवस-रात्र ठोके नोंदवणारं छोटं मशीन, त्यात सापडलं. एक्टोपिक म्हणतात त्याला. म्हणजे ठोका चुकतच नाही, वेळेच्या आधी येतो, हृदयात रक्त पुरतं भरलेलं नसते म्हणून मनगटाला तो लागत नाही, मग थोडा थांबा, तोवर जास्त रक्त भरते आणि पुढचा ठोका जोरात. मला लगेच समजलं. टाकी भरायच्या आधी पंप चालवला तर नुसती घरघर होते, अन् भरली की धार मोठी.

थकल्यावरच काऊन होते तर, झोप कमी पडली की शरीर रात्री पण पळायच्या तयारीत राहते, अॅड्रिनलिन उतरत नाही. वरून चहा, आणि खर्र्यातल्या तंबाखूचं निकोटिन त्यालाच चढवते, म्हणजे आम्ही थकवा मारायला जे खातो तेच. घामातून मीठ जाते, थोडं पोटॅशियम पण जाते, अन् आम्ही दिवसभर नुसतं थंड पाणी ढोसतो. माझं पोटॅशियम ३.३ निघालं, पाहिजे कमीत कमी ३.५. सोबत थायरॉइड आणि हिमोग्लोबिन पण पाहिलं, कारण रक्त कमी असलं की हृदयाला जास्त पळावं लागते, आणि घरात सर्वांचं झाल्यावर जेवणाऱ्या आपल्या बायांना तर हे पहिले तपासावं. सर्दीच्या काही गोळ्यांनी पण धडधडते म्हणे. रात्री घोरता का, मधात श्वास अडकतो का, हे त्यांनी बायकोला विचारलं, मला नाही. पोटॅशियमच्या गोळ्या मनानं घ्यायच्या नाहीत हे मात्र दोनदा बजावलं, किडनी कमजोर असणाऱ्याला ते उलटं पडू शकते.

पण सगळ्यांचं माझ्यासारखं साधंच निघते असं नाही. आमच्या गल्लीतले एक काका "लग्नात दगदग झाली" म्हणत पंधरा दिवस घरीच बसले. त्यांच्या नाडीला तालच नव्हता, दोन ठोके जवळ, एक लांब, मग चार भरभर. ते एट्रियल फिब्रिलेशन निघालं. त्यात हृदयाच्या वरच्या कप्प्यात रक्ताची गुठळी होऊ शकते, ती मेंदूत गेली की लकवा. आता रक्त पातळ करायची गोळी सुरू आहे. तर अशी बेताल नाडी लागली तर घरी वाट पाहत बसू नये. आणि ठोक्यासोबत चक्कर येऊन पडलं, छाती दुखली, दम लागला तर ओवा-बिवा काही नाही, १०८ लावायचा नाहीतर ऑटो करून सरळ मेडिकल नाहीतर मेयो, म्हणजे इथला मोठा सरकारी दवाखाना, गाठायचं.

माझी विनंती एवढीच की उष्माघाताच्या चौकटीखाली दोन ओळी अजून टाका. मनगटावर अंगठा नाही, दोन बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजा, आणि डॉक्टरांपुढे झोप, चहा, खर्रा काही लपवू नका. आणि कूलरवाल्याला रात्री साडेदहाला फोन करणाऱ्यांसाठी पण एखादी ओळ जमली तर पाहा.

यावर्षी मी नऊनंतर फोन बंद ठेवतो, दोन गिऱ्हाईकं तुटली. खर्रा चारवरून एकावर आला, तो एक काही सुटून नाही राहिला. ठोका अजूनही आठवड्यातून एखादवेळ उडतो, बहुतेक शनिवारी, कारण शुक्रवारी माल घ्यायला इतवारीत जातो आणि तिथे प्रत्येक दुकानात चहा होतो.

आपला वाचक,
एक कूलर मेकॅनिक, नागपूर