मुक्ता, मामाला इतक्यात पॅरिसला पाठवू नकोस

शिवडी, ३० ऑगस्ट

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा-मामी ऑक्टोबरात येताहेत, पण मार्सेयमध्ये दाखवायचं काय? दोन दिवस ठेवून घेते आणि पॅरिसच्या गाडीत बसवते." तुझी आई शेजारीच बसली होती, म्हणून मी काही बोललो नाही. आता लिहितो.

गेल्या मे महिन्यात आम्ही तीन आठवडे तुझ्याकडे होतो. तू सकाळी लॅबला जायचीस, आई पुस्तक घेऊन बसायची आणि मी चालायला निघायचो. त्या तीन आठवड्यांत मी जेवढं मार्सेय पाहिलं तेवढं तू दोन वर्षांत पाहिलेलं नाहीस. रागावू नकोस, मुंबईत जन्म काढूनही मी घारापुरीला पहिल्यांदा गेलो तो चाळिशीत. पण चौतीस वर्षं गोदीत शेडवर घालवलेल्या माणसाला एक समजतं. बंदराचं गाव बघायचं तर रस्त्याकडून नाही, धक्क्याकडून बघायचं. तिथे बोटीतून काय काय उतरलं ते विचारायचं.

सुरुवात तुझ्या त्या मॉलपासून कर. सेंटर बुर्स, जिथून तू मला थर्मलचे कपडे घेऊन दिलेस. १९६७ मध्ये त्याचा पाया खणताना खाली ग्रीकांच्या वेळचं बंदर निघालं. दगडी धक्का, तटबंदी, सगळं. मॉलच्या मागच्या दाराने बाहेर पडलं की ते समोर आहे, आणि तिथेच शहराचं इतिहास संग्रहालय आहे. तू तिथून कितीदा पिशव्या घेऊन गेली असशील! पाणी मागे हटत गेलं, गाळ साचला, वर वस्ती चढली. आमचे प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया डॉक माझ्या डोळ्यांदेखत भरून टाकले, त्यामुळे मला तिथे जरा वेळ उभं राहावंसं वाटलं.

संग्रहालयात मामाला थेट जुन्या होड्यांपाशी ने. इसवी सनापूर्वी सहाव्या शतकातल्या ग्रीक होड्यांचे सांगाडे आहेत. एका होडीच्या फळ्या खिळ्यांनी नाही, दोऱ्याने शिवलेल्या आहेत. फळीच्या कडेला भोकांची ओळ दिसते, गोधडीच्या टाक्यांसारखी. आपल्याकडे काथ्याने शिवलेली गलबतं अरबी समुद्रात फिरायची. गोव्यात बांधलेलं नौदलाचं 'कौंडिण्य'ही तसंच शिवलेलं आहे. काचेला नाक लावून मी इतका वेळ उभा होतो की तिथल्या बाईंनी येऊन मला खुर्ची दिली.

आणि मामीला ती गोष्ट सांग. सुमारे इसवी सनापूर्वी ६०० मध्ये आजच्या तुर्कस्तानच्या किनाऱ्यावरच्या फोकेया गावचे ग्रीक दर्यावर्दी इथे आले. त्या दिवशी इथल्या राजाच्या मुलीचं लग्न ठरायचं होतं. रीत अशी की जेवणाच्या पंगतीत मुलगी ज्याच्या हातात पेला देईल तो नवरा. जमलेले सगळे वर सोडून जिप्तिसने पेला दिला तो नुकत्याच बोटीतून उतरलेल्या प्रोतिसला. म्हणजे सरळ स्वयंवरच! खरं-खोटं कोण जाणे, पण परक्या खलाशाला जावई करून आपलं गाव सुरू झालं असं अभिमानाने सांगणारं शहर मला तरी आवडतं.

जुन्या बंदरावर सकाळी लवकर ने. कोळी आणि कोळणी टेबलं मांडून मासे विकतात. भाऊच्या धक्क्याच्या मानाने काहीच नाही, दहा-बारा टेबलं असतील, पण घासाघीस आणि आवाज ओळखीचा आहे. शेजारच्या त्या आरशाच्या छपराखाली मामी स्वतःला उलटी बघून हसेल, फोटो काढ. तिथूनच बंदराच्या उत्तरेच्या बाजूला पाहा. मागे टेकडीवर ल पानिएची वेडीवाकडी जुनी घरं, आणि पाण्याच्या कडेला मात्र एका मापाच्या सरळसोट इमारती. मला वाटलं होतं बिल्डरांनी पाडापाडी केली असेल. तसं नव्हतं. जानेवारी १९४३ मध्ये जर्मनांनी फ्रेंच पोलिसांना हाताशी धरून ही वस्ती रिकामी केली, वीसएक हजार माणसं घराबाहेर काढली, कित्येक ज्यू कुटुंबांना छळछावण्यांकडे पाठवलं आणि मग सुरुंग लावून सुमारे १५०० इमारती उडवल्या. नगरपालिकेची जुनी इमारत तेवढी मध्येच उभी राहिली. आता तिथे लोक कॉफी पीत बसतात. आपणही बसलो होतो, तुझ्या वाढदिवसाला.

आता प्लेगाची गोष्ट. ही मला तिथे झोप लागू देत नव्हती, म्हणून जरा लांबण लावतो.

२५ मे १७२० ला 'ग्रां सेंत-आंत्वान' नावाचं जहाज सिरिया-लेबनॉनकडून कापड आणि कापूस घेऊन मार्सेयला आलं. निघताना त्याच्याकडे आरोग्याचा दाखला होता, स्वच्छ. पण वाटेत एक प्रवासी मेला, मग खलाशी, मग बोटीवरचा वैद्यही. इटलीतल्या लिव्होर्नो बंदराने त्याला आत घेतलं नाही. मार्सेयचा नियम फार कडक होता, अशी बोट दूरच्या जार बेटापाशी नांगरून ठेवायची. पण मालात शहरातल्या बड्या व्यापाऱ्यांचे पैसे गुंतले होते, त्यांतला एक तर नगरपालिकेचा पहिला मानकरी, आणि जुलैत बोकेरची जत्रा होती. माल जत्रेला पोचायला हवा! मग तो जार बेटावर न उतरवता शहराजवळच्या विलगीकरणाच्या वखारींत उतरवला गेला. गोदीत काम केलेल्या माणसाला यापुढचं सांगावं लागत नाही. दाखला शिक्क्यानिशी असतो, नियम भिंतीवर लावलेला असतो, आणि बोटीवर काही तरी बिनसलंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. मी स्वतः एकदा अशा एका गाठोड्यांच्या मालावर सही करायला नकार दिला होता. सही दुसऱ्याने केली आणि मला तीन महिने रात्रपाळी मिळाली. माझ्या वेळी त्या गाठोड्यांतून काही निघालं नाही, एवढंच.

मार्सेयमध्ये निघालं. नव्वदएक हजारांच्या शहरातली जवळजवळ निम्मी माणसं दोन वर्षांत मेली. मोठ्या चर्चच्या बाजूला तुरेतची जी मोकळी जागा आहे, जिथे संध्याकाळी पोरं फुटबॉल खेळत होती, तिथे हजाराहून जास्त प्रेतं आठवडेच्या आठवडे उन्हात पडून होती. रोझ नावाच्या एका सरदाराने सप्टेंबरात सैनिक आणि गलबतांवरचे कैदी घेऊन ती जुन्या बुरुजांच्या पोकळीत ढकलून बुजवली. त्या कैद्यांतले फार थोडे वाचले. माझी आजी सांगायची, प्लेगात उंदीर पडला की सगळा गाव घरं सोडून माळावर झोपड्या बांधायचा. इथे शहरालाच फौजेने वेढून टाकलं होतं, माळावर जायचं कुठून?

त्या जहाजाला जार बेटापाशी जाळून बुडवलं. त्याचा नांगर मात्र आता त्याच संग्रहालयात आहे. मामा हात लावू बघेल, लावू देत नाहीत. कप्तानाला शातो द'इफच्या तुरुंगात टाकलं. त्या नगरपालिकेच्या मानकऱ्याचं म्हणशील, तर त्याचं काहीही बिघडलं नाही.

तोच शातो द'इफ तुला बंदरातून दिसतो, बेटावरचा किल्ला. बोट अर्ध्या तासाची आहे, समुद्र खवळला तर जात नाही, म्हणून मिस्त्राल वाऱ्याचा अंदाज पाहून तिकीट काढ. सगळे तिथे काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टोची कोठडी बघायला जातात, जी गोष्टीतली आहे. तू मामाला गेंड्याचं सांग. गुजरातच्या सुलतान मुझफ्फरने पोर्तुगीजांना भेट दिलेला गेंडा जानेवारी १५१५ मध्ये गोव्याहून निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोचला. तिथून राजाने तो पोपला नजराणा म्हणून रोमला धाडला. वाटेत १५१६ च्या सुरुवातीला तो या बेटावर उतरवला आणि फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्स्वा मुद्दाम बघायला आला. पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ बोट फुटली, आणि साखळदंड घातलेला म्हणून त्याला पोहता आलं नाही. तेव्हा त्या बेटावर किल्ला नव्हताच, तो राजाने नंतर बांधून घेतला. गोव्याची आगबोट हुकली तरी धुसफुसणारा तुझा मामा त्या गेंड्याबद्दल नक्की हळहळेल.

मामाचा पहिला प्रश्न मात्र सावरकरांचा असणार, हे तुलाही ठाऊक आहे. आमच्या पुस्तकात गावाचं नाव 'मार्सेलिस' होतं, त्यामुळे तो तसंच म्हणेल, दुरुस्त करत बसू नकोस. तो जुन्या बंदराकडे बोट दाखवून "इथेच ना?" म्हणेल. तिथे नाही. १९१० मध्ये मोठ्या आगबोटी उत्तरेला, जोलिएतच्या बाजूच्या नव्या बंदरात लागत. तिकडे ने. ८ जुलैच्या सकाळी 'मोरिया' बोटीच्या शौचकुपाच्या गोल खिडकीतून निघून ते पाण्यात पडले, पोहत धक्क्यावर चढले, धावले, आणि फ्रेंच पोलिसाने धरून पुन्हा इंग्रजांच्या हवाली केलं. फ्रान्सच्या भूमीवर पाय ठेवलेल्या माणसाला असं परत देता येतं का, यावर दोन देशांचा खटला हेगला गेला. २४ फेब्रुवारी १९११ च्या निकालात न्यायाधीशांनी मान्य केलं की झालं ते नियमाला धरून नव्हतं, पण परत द्यायची जबाबदारी इंग्लंडवर नाही. खिडकी केवढी असेल यावर आपल्याकडे फार वाद घालतात. मला तो निकाल जास्त खटकतो. चूक झाली म्हणायचं आणि चुकीचं फळ तसंच ठेवायचं!

वेळ मिळाला तर दक्षिणेला माझार्गच्या युद्ध स्मशानभूमीतही जाऊन या. सप्टेंबर १९१४ मध्ये हिंदुस्थानी पलटणी याच बंदरात उतरल्या, बोरेली बागेत तंबू ठोकले आणि तिथून उत्तरेच्या खंदकांकडे गेल्या. परत न गेलेल्यांपैकी कितीतरी तिथे आहेत. दगडांवरची नावं वाचत मी एकटाच होतो, एक माळी होता, त्याने लांबूनच टोपी काढली.

डोंगरावरच्या 'बॉन मेर'ला, म्हणजे त्या सोनेरी मूर्तीच्या चर्चला, बसने जा, मामीचे गुडघे बघ. आत छताला टांगलेली छोटी छोटी जहाजं दाखव. वादळातून वाचलेल्यांनी फेडलेले नवस आहेत ते. बाहेरच्या भिंतीवर ऑगस्ट १९४४ च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणा आहेत.

खाण्याचं म्हणशील, तर बुयाबेसच्या, म्हणजे माशांच्या त्या रश्शाच्या, भानगडीत पडू नकोस, मामी मासे खात नाही आणि मामा बिल बघून आजारी पडेल. एस्ताकला ने आणि पानीस खायला घाल. हरभऱ्याचं पीठ पाण्यात शिजवून घट्ट करतात, गार झालं की चकत्या कापून तळतात, वर मीठ. तुझ्या आईने पहिला घास घेतला आणि म्हणाली, "अगं, या पाटवड्याच की! फोडणी विसरलेत." मामीबरोबर ती लाल तिखटाची पुडी पाठवते आहे. तिथल्या गाडीवाल्याच्या समोर काढू नकोस.

येताना मामाजवळ तो ऑलिव्हचा हिरवा साबण दे, चौकोनी, ७२ टक्केवाला. एकच वडी पुरे. मागच्या वेळचा तुझ्या आईने अजून उघडला नाही, साड्यांच्या कपाटात ठेवलाय आणि मला विचारते, "बंदराचा वास येतो का रे याला?"

तुझा,
बाबा