नीटचा मराठी पेपर बेळगावात का नाही?

संपादक साहेब, नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरची, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकले, आता बीएस्सी सेकंड इयर करतेय आणि सोबत परत नीटची, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेची तयारी. परीक्षेला मराठी चालते म्हणून सगळे सांगतात, पण मराठी पेपर महाराष्ट्रातल्या सेंटरवरच मिळतो हो, बेळगाव सेंटर घेतलं की इंग्लिश, हिंदी नाहीतर कन्नड असलेच पर्याय. म्हणजे मराठीत लिहायचं तर फॉर्म भरतानाच कोल्हापूर टाका, आदल्या दिवशी मुक्काम, घरचं एक माणूस बरोबर, खर्च वेगळाच. १८० प्रश्न, त्यात ९० बायोलॉजीचे, चुकलं की एक मार्क कट, तिथं शब्दाला अडून कसं चालेल.

म्हणून मी यंदा इंग्लिशच धरलंय, कॉलेजमधली बॉटनी झूलॉजी तशीही इंग्लिशमध्येच आहे. रोज एनसीईआरटीच्या पुस्तकाची चार पानं मोठ्यानं वाचते, आई म्हणते कुणाशी भांडतेस गं! आणि कर्नाटकातल्या ज्या ८६५ गावांवर महाराष्ट्राचा दावा आहे, तिथल्या मुलांना महाराष्ट्राच्या मेडिकल अॅडमिशनला सीमाभागाचा कोटा आहे, हे मला बारावी झाल्यावर कळलं, शाळेत कुणी बोललंच नाही. त्याची कागदपत्रं काय लागतात ते तुमच्या पेपरात एकदा फॉर्म निघायच्या आधी छापा ना.

– एक विद्यार्थिनी, खानापूर