अक्षरं येतात, पण शब्द जुळत नाही

प्रिय सुमे,

तुझं पत्र काल मिळालं आणि आज शाळेतून आल्या आल्या लिहायला बसले. छोटीला सगळी मुळाक्षरं येतात, बाराखडी तोंडपाठ आहे, तरी 'मगर' पुढे ठेवलं की 'म, ग, र' म्हणून गप्प होते, नाहीतर चित्राकडे बघून 'सुसर' म्हणते. एवढ्यावरून तू रात्र रात्र जागतेस? अगं, तिच्यात काही कमी नाही. पहिलीच्या वर्गात दरवर्षी अशी मुलं माझ्यासमोर असतात. मुलांना किती वाचता येतं हे बघणारी 'असर'ची पाहणी २००५ पासून होते, तिच्यातही अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा वेगवेगळ्या पायऱ्या धरल्या आहेत. अक्षर ओळखलं म्हणजे शब्द वाचता आला असं होत नाही. मधलं काम असतं आवाज जोडण्याचं, आणि नेमकं तेच कुणी मुलांना शिकवत नाही.

हे काम आधी कानाचं आहे. म्हणून काही दिवस पुस्तक आणि तक्ता बाजूला ठेव. स्वयंपाक करता करता तिच्याशी तुटक बोल: "वा... टी आण", "टो... पी कुठंय?" ती बरोबर ओळखेल. मग तिने तोडायचं आणि तू ओळखायचं. फक्त तोडताना जीभ जिथे तुटते तिथेच तोड. 'कपडा' आपण 'कप... डा' असा बोलतो, 'सरबत' म्हणजे 'सर... बत'. लिहिताना तीन-चार अक्षरं असली तरी तोंडात दोनच तुकडे असतात.

खरी गोम इथेच आहे. काना-मात्रा नसलेले शब्द सोपे, असं आपण धरून चालतो आणि मुलांना पहिल्यांदा कमळ, बदक, मगर देतो. लिहायला ते सोपे असतीलही, जोडायला मात्र अवघड आहेत! आपल्या प्रत्येक अक्षरात 'अ' बसलेला असतो आणि शब्दाच्या शेवटी तो बोलण्यात गळतो. छोटी 'घऽ... रऽ' असं म्हणते. दोन्ही अक्षरं बरोबर, पण तिच्या कानाला त्यात घर सापडत नाही. याउलट मामा, काका, दादा, बाबा हे शब्द जसे लिहिले तसेच बोलले जातात, कुठेच काही गळत नाही. म्हणून मी काना आधी घेते आणि 'घर', 'कर', 'मगर' नंतर. ते वाचून घेताना अक्षर आखूड म्हणायचं, शेवटचं तर अगदी तोडून, आणि बोट न थांबवता एका श्वासात सरकवायचं.

सगळी अक्षरं संपेपर्यंत थांबायचीही गरज नाही. ग म भ न हा क्रम हाताला वळण लावायला छान आहे, पण वाचायला ज्या अक्षरांतून लगेच शब्द होतात ती घ्यावीत. म, क, ल, आ आणि काना एवढ्यावर 'काल मामा आला' हे अख्खं वाक्य होतं! ते वाचल्यावर मुलांचे चेहरे काय फुलतात म्हणून सांगू. मॅक्सिन बर्नसन यांनी १९८४ साली फलटणला प्रगत शिक्षण संस्था सुरू केली. तिथे मुलांना अक्षरं अशीच थोडी थोडी, गटागटाने देतात आणि त्यांतून शब्द करून घेतात. तुझ्या शेजारच्या इंग्रजी शाळेत आवाजांवरून वाचायला शिकवायची जी जॉली फोनिक्स पद्धत आहे, तिच्यातही ए-बी-सी-डीचा क्रम सोडून एस, ए, टी, आय, पी, एन ही अक्षरं पहिल्या गटात घेतात, तेही याचसाठी.

कान्यानंतर दुसरी वेलांटी घे. मराठी शब्दाच्या शेवटी वेलांटी बहुतेक दुसरीच असते, त्यामुळे आजी, मामी, काकी, पाणी असे घरातलेच शब्द पटापट हाताशी येतात. पहिली वेलांटी खूप नंतर, कारण ती दिसते अक्षराच्या आधी आणि उच्चारायची अक्षराच्या मागून. 'किरण' वाचताना मुलं तिथे हमखास अडतात. त्यांना रागवू नये, डोळा आणि कान उलट दिशांना ओढत असतात.

आणखी एक. 'चाक' आणि 'चार' यांतला च सारखा नाही, हे आपण कधी सांगत नाही. मुलांना दोन्ही आवाज लावून बघू दे. कुठला शब्द ओळखीचा वाटतो ते त्यांचं त्यांना कळतं. पण त्यासाठी तो शब्द आधी कानावरून गेलेला हवा. म्हणून 'नभ' आणि 'जल' नको, तुमच्या घरात जे बोलतात तेच शब्द दे, गावाकडचे असले तरी चालतील. चित्र हाताने झाक, म्हणजे 'सुसर' होणार नाही. आणि ती अडली की लगेच शब्द सांगून टाकू नकोस. तिची अक्षरं तूच जरा जवळ आणून म्हण, "मा... ला, मा..ला", आणि थांब. शेवटची उडी तिला मारू दे.

सासूबाई रोज बाराखडी म्हणून घेतात, ती बंद करू नकोस. गाणं म्हणून ती गोडच आहे, फक्त त्याला वाचन समजू नका. हे सगळं दिवसातून दहा मिनिटं पुरे, ती कंटाळायच्या आत थांबायचं. जोडाक्षरांचं मात्र इतक्यात नावही काढू नकोस.

'मामा', 'काका' अशा शब्दांची कार्डं मी वर्गासाठी करतेच आहे, एक संच तुला पोस्टाने पाठवते. छोटीला पापा.

तुझी,
मंदा