शुल्कवाढीला महागाईची मोजपट्टी लावावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

बारावीचा निकाल लागला की सोलापुरात प्रवेशाची धावपळ सुरू होते आणि त्याच सुमारास शुल्कवाढीच्या बातम्याही येऊ लागतात. या वाढीचे समर्थन करताना बहुतेक वेळा एकच कारण पुढे केले जाते, ते म्हणजे महागाई. माझी नोकरी एका वरिष्ठ महाविद्यालयाच्या लेखा विभागात झाली. शिक्षणसंस्थेचा खर्च कसा वाढतो हे मी जवळून पाहिले आहे, त्यामुळे खर्च वाढतच नाही असे मी म्हणणार नाही. परंतु महागाई हे कारण द्यायचे असेल, तर वाढही महागाईच्याच मापाने मोजली गेली पाहिजे, आणि ते माप सर्वांसमोर मांडले गेले पाहिजे.

असे माप आपल्याकडे आहे. केंद्र सरकारचा लेबर ब्युरो औद्योगिक कामगारांसाठी जो ग्राहक किंमत निर्देशांक (घरखर्चाच्या वस्तू व सेवा किती महागल्या हे दाखवणारा आकडा) काढतो, त्यासाठी ज्या शहरांतून किमती गोळा केल्या जातात त्यांत सोलापूरचा समावेश आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांचा महागाई भत्ता याच निर्देशांकावर ठरतो. राज्यातील किमान वेतनाचा विशेष भत्ताही किंमत निर्देशांकानुसारच दर सहा महिन्यांनी बदलतो. शहराच्या पूर्व भागातील यंत्रमाग कामगाराच्या किंवा घरी विड्या वळणाऱ्या बाईच्या हाती तो भत्ता पूर्ण पडतो का, हा निराळा आणि क्लेशदायक प्रश्न आहे. मात्र कागदावर तरी त्यांची मजुरी किमतींच्या मागोमाग चालते, त्यापुढे जात नाही. त्यांच्याच मुलामुलींच्या शुल्काला मात्र असा कोणताही निर्देशांक लागू नाही.

कोणालाही पडताळता येईल असे एक उदाहरण घेऊ. आयआयटीमधील पदवी अभ्यासक्रमाचे वार्षिक शिक्षणशुल्क २००८ मध्ये २५ हजारांवरून ५० हजार रुपये झाले, २०१३ मध्ये ९० हजार झाले आणि २०१६ मध्ये दोन लाखांवर गेले. आठ वर्षांत आठपट! याच काळात औद्योगिक कामगारांचा निर्देशांक सुमारे दुप्पट झाला, म्हणजे महागाईचा भाग वगळला तरी शुल्क चौपट वाढले. अनुसूचित जाती-जमातींच्या, दिव्यांग आणि अत्यल्प उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना तेथे पूर्ण आणि त्याहून थोड्या अधिक उत्पन्नाच्या विद्यार्थ्यांना दोन तृतीयांश माफी आहे, हे मान्यच केले पाहिजे. पण ज्या घराचे उत्पन्न सवलतीच्या रेषेच्या थोडे वर आहे, त्या घराला ही वाढ पूर्णपणे सोसावी लागते. सरकारी संस्थेतच ही गत असेल, तर खासगी संस्थांना संयम बाळगा असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

विद्यापीठाचे शुल्क महागाईच्या पुढे धावणे ही केवळ आपल्याकडची गोष्ट नाही. अमेरिकेत १९८० पासूनच्या चाळीस वर्षांत सर्वसाधारण किमती तिपटीहून थोड्या अधिक झाल्या, तर महाविद्यालयीन शुल्काचा निर्देशांक दहापटीहून जास्त चढला. इंग्लंडमध्ये १९९८ साली वर्षाला एक हजार पौंडांपर्यंत असलेले शुल्क २००६ मध्ये तीन हजार आणि २०१२ मध्ये नऊ हजार पौंडांपर्यंत नेले गेले. त्यानंतर मात्र तेथील सरकारने ते जवळजवळ गोठवून ठेवले, किमती वाढत राहिल्या आणि त्या शुल्काचे खरे मूल्य घटत जाऊन अनेक विद्यापीठे आर्थिक अडचणीत आली. हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. शुल्क कायमचे गोठवा, अशी मागणी आपल्याकडे आंदोलनांतून होते. त्यामागची कळकळ खरी आहे, पण गोठवलेले शुल्क काही वर्षांनी एकदम मोठी उडी घेते आणि ती उडी ज्या वर्षीच्या मुलांच्या वाट्याला येते, त्यांच्यावर अन्याय होतो.

शुल्क किमतींपेक्षा जलद का वाढते, याची एक उपपत्ती विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन या अमेरिकी अर्थतज्ज्ञांनी १९६० च्या दशकात मांडली. नव्या यंत्रावर विणकर पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त कापड विणतो. शिक्षकाला मात्र साठ मुलांच्या वर्गाचा तास पूर्वीइतकाच वेळ घ्यावा लागतो, आणि पगार तर इतर क्षेत्रांच्या बरोबरीने वाढवावा लागतो. म्हणून मनुष्यबळावर चालणाऱ्या सेवा इतर वस्तूंच्या तुलनेत महाग होत जातात. विचार म्हणून हे पटते. पण महाराष्ट्रातील महाविद्यालयांत किती अध्यापक तासिका तत्त्वावर राबत आहेत आणि त्यांचे मानधन किती उशिराने हाती पडते, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे स्पष्टीकरण येथे पुरेसे वाटणार नाही. अध्यापकाची जागा वर्षानुवर्षे रिकामी ठेवायची, त्याच्या कामाचे पैसे तासांवर द्यायचे, आणि वाढीव शुल्काचे कारण म्हणून वेतनखर्च दाखवायचा, या तीन गोष्टी एकत्र बसत नाहीत.

माझ्या मते आपल्याकडचे मोठे कारण म्हणजे शासनाने उचललेला भार हळूहळू पालकांकडे सरकला. राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, हे कोठारी आयोगाने १९६६ मध्ये सांगितले आणि २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही तेच उद्दिष्ट पुन्हा लिहावे लागले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या न्या. पुन्नय्या समितीने १९९३ मध्ये केंद्रीय विद्यापीठांना आपल्या खर्चाचा काही वाटा, सुरुवातीला १५ आणि पुढे २५ टक्के, स्वतः उभारण्यास सुचवले. विचाराची दिशा तेव्हाच बदलली होती. महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालये १९८३ पासूनच सुरू झाली होती. पुढे अनुदानित महाविद्यालयांच्या आवारातही संगणकशास्त्र, बीबीए, बीसीए अशा विनाअनुदानित तुकड्या आल्या. एकाच इमारतीत एक मुलगा कला शाखेत अनुदानित शुल्कात शिकतो आणि शेजारच्या वर्गातील त्याची बहीण त्याच्या कित्येक पट शुल्क भरते. या भरलेल्या रकमेत महागाईचा वाटा किती आणि अनुदान नसण्याचा वाटा किती, हे पालकांना कधीच वेगळे करून सांगितले जात नाही.

व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आहे आणि मंजूर शुल्क जाहीरही होते. त्यापूर्वी सर्वोच्च न्यायालयाने टी. एम. ए. पै (२००२) आणि पी. ए. इनामदार (२००५) या खटल्यांत नफेखोरीला मनाई केली आणि संस्थेच्या विस्तारासाठी वाजवी शिल्लक ठेवण्यास मुभा दिली. अडचण अशी, की शुल्क मुख्यतः संस्थेने दाखवलेल्या खर्चावरून ठरते. जी संस्था काटकसर करील तिचे शुल्क कमी, जी जास्त खर्च दाखवील तिचे अधिक. अशा पद्धतीत खर्च आवरण्याचे कारण कोणाला उरणार?

आता पावतीविषयी. शिक्षणशुल्क हा पावतीवरचा एक रकाना असतो. त्याखाली विकास निधी, जिमखाना, ग्रंथालय, प्रयोगशाळा, विद्यार्थी कल्याण, ई-सुविधा, अश्वमेध (आंतरविद्यापीठ क्रीडा महोत्सव), आपत्ती व्यवस्थापन, अनामत अशी रांग लागते. राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती योजनेत आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला शिक्षण व परीक्षा शुल्कात निम्मी सवलत मिळते. २०२४-२५ पासून इतर मागास, आर्थिकदृष्ट्या दुर्बल आणि सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत या दोन्ही शुल्कांची पूर्ण प्रतिपूर्ती लागू झाली. हा फार चांगला निर्णय आहे. परंतु या सवलती ज्या दोन रकान्यांना लागू आहेत, त्यांच्या बाहेरचे रकाने फुगले तर सवलतीचा अर्थ कमी होत जातो. शिवाय महाडीबीटी या शासनाच्या शिष्यवृत्ती संकेतस्थळावरील रक्कम येईपर्यंत ‘आधी भरा, मग मिळेल’ असे सांगितले गेले, तर मार्केट यार्डात हमाली करणारा बाप ते पैसे व्याजानेच आणतो, आणि त्या व्याजाची नोंद कोणत्याही निर्देशांकात होत नाही.

सर्वसाधारण ग्राहक किंमत निर्देशांकाच्या २०१२ च्या मालिकेत शिक्षणाचा भार, म्हणजे घरखर्चातील धरलेला वाटा, ४.४६ टक्के आणि अन्न व पेयांचा ४५.८६ टक्के होता. हे सर्व कुटुंबांचे सरासरी चित्र आहे. ज्या घरात एकाच वेळी दोन मुले पदवीला आहेत, त्या घरासाठी हे आकडे निरर्थक ठरतात. म्हणून ‘महागाई पाच टक्के’ ही बातमी वाचून त्या घराला दिलासा मिळत नाही. पाच टक्क्यांनी वाढणारी किंमत पंधरा वर्षांत दुप्पट होते, आणि दहा टक्क्यांनी वाढणारे शुल्क तेवढ्याच काळात चौपट होते. दरवर्षी किरकोळ दिसणारा फरक मूल पहिलीतून पदवीपर्यंत पोहोचेपर्यंत घराचे गणित मोडून टाकतो.

माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रवेशाच्या वेळी संपूर्ण अभ्यासक्रमाचे, सर्व रकान्यांसह एकूण शुल्क लेखी द्यावे आणि ते मध्येच बदलू नये. पुढील तुकडीसाठीची वाढ निर्देशांकाच्या वाढीइतकी असेल तर ती दरवर्षी थोडी थोडी व्हावी, त्यावर वाद नको. त्याहून अधिक वाढ हवी असेल, तर संस्थेने लेखापरीक्षित हिशेब संकेतस्थळावर ठेवून ती मागावी, त्यात तासिका तत्त्वावरील अध्यापकांवर झालेला खर्च स्वतंत्र दाखवावा. आणि अनुदान घटल्यामुळे होणारी वाढ महागाईच्या नावावर खपवू नये, शासनाने ती आपली म्हणून सांगावी.

पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले. सर्व महाविद्यालये एका जिल्ह्यातील असल्यामुळे गेल्या दहा वर्षांतील शुल्क आणि निर्देशांक शेजारी शेजारी दाखवणारा तक्ता तयार करणे या विद्यापीठाला अवघड जाऊ नये. विद्यापीठाच्या अर्थसंकल्पावर अधिसभेत (सिनेटमध्ये) चर्चा होते, तेव्हा सदस्यांनी हा तक्ता मागावा आणि तो मिळाल्यावर आपण तो आपल्या वृत्तपत्रात जसाच्या तसा छापावा, ही विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त लेखापाल, सोलापूर