समितीने एकदा आमच्या आळीत यावे

महोदय,

आमच्या आळीतल्या बागेतील झोपाळ्याची साखळी खाऱ्या वाऱ्याने इतकी गंजली आहे, की हात लावला तरी तांबडी पूड बोटांना लागते. गेल्या आठवड्यात माझ्या नातीचा फ्रॉक त्यात अडकून फाटला. थोडक्यात वाचली पोर. समुद्र हाकेच्या अंतरावर असताना साधे लोखंड बसवायचे आणि दरवर्षी वरून रंग फासायचा, हे किती दिवस चालणार? शेजारच्या वहाळावरील साकवाचा कठडाही तुटलाय.

घटनेने प्रभाग समित्या, म्हणजे एक वा अधिक प्रभागांचे काम पाहणाऱ्या समित्या, बंधनकारक केल्या त्या 3 लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांना. कोकण किनाऱ्यावरील मालवण, वेंगुर्ले यांसारखी लहान शहरे त्यात बसत नाहीत. आमचे गाऱ्हाणे जायचे ते नगरपरिषदेच्या विषय समितीपुढेच, म्हणजे बांधकामासारख्या एकेका कामासाठी नेमलेल्या नगरसेवकांच्या समितीपुढे. मग तिची बैठक कधी, पुढ्यात विषय कोणते, हे निदान फलकावर लावा. बांधकाम समितीच्या सदस्यांनी मे संपण्यापूर्वी आळीआळीतून पायी फिरावे, रहिवाशांना सोबत घ्यावे, अशी कळकळीची विनंती आहे. मृग लागला की वहाळाचे पाणी थेट आमच्या खळ्यात येते.

- एक आजी, कोकण